गाडीत भरलेली बंदूक : इथला कायदा आणि आपण



ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला आम्ही यॉर्कशर डेल्समध्ये फिरायला गेलो होतो. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडांची कुंपणं, मागच्या सीटवर आमची दोन मुलं आणि टेक्सासहून सुट्टीला आलेला माझा भाचा. एका वळणावर फाटकापाशी चिखलाने माखलेली लँडरोव्हर उभी होती. मागे दोन कुत्रे, आणि बाजूला ट्वीडच्या टोप्या घातलेले दोन आजोबा फ्लास्कमधला चहा पीत उभे. दोघांच्याही हाताच्या कोपरावर एकेक दुनळी बंदूक, मधोमध मोडून लटकवलेली.

सौ. म्हणाली, "अहो, काच वर करा आधी!" भाचा मात्र एकदम खूश. "मामा, इंग्लंडमध्ये गन्सवर बंदी आहे म्हणतोस ना तू? मग हे काय?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "भरलेली बंदूक गाडीत ठेवता येते का इथे? आमच्याकडे पिकअपमध्ये मागे रॅकवर रायफल टांगलेली असते लोकांची."

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं या देशात राहून, टॅक्स भरून, दोन पासपोर्ट झाले तरी ही साधी गोष्ट ठाऊक नव्हती. घरी आल्यावर वाचायला बसलो. मी वकील नाही, आयटीतला माणूस आहे. पण जे वाचलं त्यातलं बरंचसं आपल्या घरांशी, आपल्या सुटकेसशी, आपल्या मुलांशी संबंधित निघालं, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट म्हणजे बंदुकांवर सरसकट बंदी आहे हा आपला गैरसमज. एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये शॉटगनचे परवानाधारक पाच लाखांच्या आसपास आहेत आणि त्यांच्याकडच्या शॉटगन तेरा लाखांच्या आसपास. बंदी आहे ती मुख्यतः पिस्तुलांवर आणि आपोआप भरणाऱ्या रायफलींवर. शेतकरी, शिकारी, नेमबाजी करणारे यांच्याकडे लांब नळीच्या बंदुका कायदेशीर असतात. फेझंट पक्ष्यांचा हंगाम इंग्लंडात १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो. म्हणजे आपण ज्या सुट्टीत पानगळ बघायला खेड्यांकडे जातो, नेमकी तीच वेळ. ते धाडधाड आवाज त्याचेच. (काही वेळा शेतातली पाखरं उडवणारी गॅसची तोफही असते, ती दर काही मिनिटांनी आपली आपणच वाजते. पोलिसांना फोन करण्याआधी जरा थांबून ऐकावं.)

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळू.

ब्रिटनमधला मुख्य कायदा म्हणजे १९६८ चा फायरआर्म्स ॲक्ट. तो इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू आहे. उत्तर आयर्लंडचं प्रकरण वेगळं आहे, तिथे २००४ चा स्वतंत्र आदेश चालतो. या १९६८ च्या कायद्याचं १९ वं कलम सार्वजनिक जागी बंदूक बाळगण्याविषयी आहे. गंमत अशी की त्यात 'गाडी' हा शब्दच महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा आहे तो 'सार्वजनिक जागा' हा शब्द. हमरस्ता ही सार्वजनिक जागा, मग तुम्ही त्यावर पायी असा की स्वतःच्या गाडीत. गाडी तुमची, काचा तुमच्या, पण रस्ता राणीचा... आता राजाचा!

आणि तिथे तीन प्रकारच्या बंदुकांना तीन वेगळे नियम आहेत. शॉटगन असेल तर ती भरलेली असता कामा नये. रायफल असेल तर ती भरलेली असो वा नसो, तिच्याबरोबर तिला चालणाऱ्या गोळ्या असल्या की कलम लागू. आणि एअरगन, म्हणजे आपली छऱ्यांची बंदूक, ती भरलेली असो वा रिकामी, तशीही लागू! 'कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण' असेल तर गुन्हा नाही. पण ते कारण सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावर आहे, पोलिसांवर नाही. रायफल आणि गोळ्या घेऊन हरणांच्या शिकारीला निघालेल्या माणसाजवळ वाजवी कारण असतं. तीच रायफल डिकीत ठेवून तो बायकोबरोबर सिनेमाला गेला तर त्याला पटेल असं कारण शोधावं लागेल. परवाना खिशात असणं म्हणजे रस्त्यावर भरलेली बंदूक नेण्याचा अधिकार असणं नव्हे, हे न्यायालयांनीही सांगितलेलं आहे. भरलेल्या शॉटगनसाठी शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

'भरलेली' या शब्दाची व्याख्या मला फार आवडली. नळीत किंवा चेंबरमध्ये काडतूस असेल तर भरलेली, हे ओघानेच आलं. पण मॅगझिनमध्ये काडतूस असेल आणि हाताने एक खटका मागेपुढे केला की ते चेंबरमध्ये सरकू शकत असेल, तरी शॉटगन भरलेलीच समजायची. "चेंबर रिकामं आहे हो साहेब" ही सबब चालत नाही.

हे वाचताना मला आमच्या कोकणातल्या शेजारच्या काकांची आठवण झाली. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची वेगळी तरतूदच आहे. ठासणीच्या बंदुकीची अडचण अशी की एकदा दारू आणि छरे ठासले की ती रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे उडवणं. डुक्कर आलंच नाही तर काका ती तशीच खांद्यावर टाकून घरी आणत, केप काढून खिशात घालत आणि खुंटीला अडकवत. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी, असा त्यांचा ठाम सिद्धांत होता. आम्हा पोरांना त्या खुंटीच्या आसपास फिरकायला बंदी होती, म्हणजे सिद्धांतावर त्यांचा स्वतःचाही पूर्ण विश्वास नसावा! इथल्या पोलिसापुढे हा युक्तिवाद टिकला असता असं काही मला वाटत नाही.

ते दोन आजोबा बंदूक मोडून का उभे होते, हेही आता कळलं. दुनळी मधोमध मोडली की दोन्ही नळ्या पलीकडच्याला आरपार दिसतात. त्यात काडतूस नाही हे न विचारता कळतं. शिष्टाचार आणि कायदा दोन्ही एका हालचालीत! गाडीने नेताना मात्र बंदूक पिशवीत, दिसणार नाही अशी, शक्यतो बंद डिकीत ठेवावी, आणि गाडी सोडून जावं लागलं तर बंदुकीचा एखादा भाग, रायफलचा बोल्ट किंवा शॉटगनचा पुढचा लाकडी भाग, काढून बरोबर न्यावा असा सरकारी सल्ला आहे. चोराने डिकी फोडली तरी त्याच्या हाती अर्धीच बंदूक लागते.

खासगी शेतावर हे १९ वं कलम लागू नाही. गेमकीपर रात्री स्वतःच्या मालकाच्या शेतात भरलेली रायफल घेऊन पिकअपमधून कोल्ह्यांमागे फिरतो ते या फरकामुळे. पण तिथेही अटी आहेत. चालत्या किंवा इंजिन सुरू असलेल्या मोटारीतून हरणावर गोळी झाडायला १९९१ च्या डिअर ॲक्टने मनाई आहे (बंदिस्त जागेत पाळलेल्या हरणांचा अपवाद सोडून). हमरस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत बंदूक उडवली आणि त्यामुळे रस्त्यावरच्या कुणाला इजा, अडथळा किंवा धोका झाला तर तो १९८० च्या हायवेज ॲक्टखाली गुन्हा. आणि शेतातून सार्वजनिक पायवाट जात असेल तर? ती पायवाट लोकांना खुली, म्हणजे तिथे पुन्हा 'सार्वजनिक जागा' हा प्रश्न उभा राहतो. आपल्यासारखे रॅम्बलर त्या पायवाटेवरूनच चालत असतात, हातात ठेपल्यांचा डबा घेऊन.

भाच्याला वाटत होतं की अमेरिकेत याबाबत सगळीकडे मोकळीक आहे. तसंही नाही. टेक्सासात गाडीत भरलेली रायफल चालते. पण पेनसिल्व्हेनियात पिस्तुलाचा परवाना असलेला माणूस भरलेलं पिस्तूल गाडीत ठेवू शकतो, आणि भरलेली रायफल किंवा शॉटगन मात्र नाही! ऐकायला उलटंच वाटतं. कारण असं की पिस्तूल हे स्वसंरक्षणाचं साधन मानलं गेलं आणि लांब बंदूक शिकारीचं. गाडीत बसून, रस्त्याच्या कडेने जाता जाता जनावरं टिपणाऱ्या चोरट्या शिकाऱ्यांना आळा घालणं हा तिथल्या नियमांमागचा जुना हेतू. ब्रिटनमध्येही चोरटी शिकार हा कायदेमंडळाचा फार जुना विषय. १८२८ चा नाइट पोचिंग ॲक्ट अजून पुस्तकात आहे. म्हणजे मोटारगाडी यायच्या कितीतरी आधीपासून जमीनदाराला 'आपल्या रानात बंदूक घेऊन कोण फिरतंय' याची चिंता होती.

पिस्तुलांच्या बाबतीत मात्र ब्रिटन एके काळी किती सैल होतं हे आपल्याला इतिहासातून ठाऊक असायला हवं, पण या दिशेने आपण विचार करत नाही. १८७० पासून दहा शिलिंगांत पोस्टात बंदुकीचा परवाना मिळत असे. त्याच ब्रिटिशांनी १८७८ मध्ये हिंदुस्थानात शस्त्र कायदा आणला, त्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट. १९०९ साली लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी टॉटेनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या दालनात सराव केला होता. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर त्यातलंच पिस्तूल चालवलं. परवान्याची खरी कडक व्यवस्था इथे १९२० च्या कायद्याने आली, तीही पहिल्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या बंदुका आणि बोल्शेविकांची धास्ती यांतून. असो. विषयांतर झालं, पण हायगेटला कधी गेलात तर क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरचं इंडिया हाऊस बघून या.

त्यानंतरचे इथले कायदे दुर्दैवाने एकेका हत्याकांडाच्या मागोमाग आले. १९ ऑगस्ट १९८७ ला हंगरफर्डमध्ये एका माणसाने १६ जणांना मारलं, १९८८ मध्ये आपोआप भरणाऱ्या आणि पंप-ॲक्शन रायफलींवर (.२२ सोडून) बंदी आली आणि दोनपेक्षा जास्त काडतुसं मॅगझिनमध्ये मावणाऱ्या शॉटगनना रायफलीचा कडक परवाना लागू झाला. १३ मार्च १९९६ ला डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. १९९७ मध्ये दोन टप्प्यांत जवळजवळ सगळी पिस्तुलं गेली.

आणि मग आलं कंब्रिया. ही घटना आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळची आहे, म्हणून जरा थांबतो. २ जून २०१० ची सकाळ. पश्चिम कंब्रियातला एक टॅक्सीचालक, शॉटगन आणि .२२ रायफल घेऊन स्वतःच्याच टॅक्सीत बसला. दोन्ही बंदुका परवान्याच्या. आधी सख्खा जुळा भाऊ, मग घरच्या व्यवहारातला वकील, मग व्हाइटहेवनच्या टॅक्सी स्टँडवरचे सहकारी. त्यानंतर एग्रेमाँट, गॉसफर्थ, सीस्केल असं गावोगाव हिंडत, गाडीच्या खिडकीतून, वाटेत दिसेल त्याला. १२ जण मेले, ११ जखमी झाले. व्हाइटहेवनमध्ये निःशस्त्र पोलीस त्याच्या मागे लागले होते, त्यांच्यावर त्याने बंदूक रोखली. शेवटी बूट नावाच्या खेड्याजवळच्या रानात त्याने स्वतःला संपवलं. लेक डिस्ट्रिक्टला जाताना आपण ज्या रस्त्यांवरून फोटो काढत जातो, त्यांच्या जवळपासच हे घडलं.

आता प्रश्न असा की भरलेली शॉटगन गाडीतून नेऊ नये हा नियम १९६८ पासून होताच, मग त्याचा उपयोग काय झाला? त्या दिवशी काही नाही. ज्याला बारा खून करायचे आहेत तो १९ व्या कलमाला भीक घालत नाही. बंदूकवाले हाच मुद्दा मांडतात, आणि तो खोटा नाही. पण मला तो अपुरा वाटतो. या नियमाचं काम वेगळं आहे. संशय आला तर ४७ व्या कलमाखाली पोलीस गाडी थांबवून झडती घेऊ शकतात, आणि आत भरलेली शॉटगन सापडली तर 'तू काय करणार होतास' हे सिद्ध करत बसावं लागत नाही. भरलेली असणं हाच गुन्हा. शिवाय रोजचे अपघात आहेतच. खडबडीत रस्ता, मागे उड्या मारणारा कुत्रा आणि सीटवर भरलेली बंदूक, याला हत्याकांडाचा हेतू लागत नाही.

कंब्रियानंतर संसदेच्या गृहखात्याच्या समितीने डिसेंबर २०१० मध्ये अहवाल दिला. बंदुकांविषयीचे कायदे ३४ ठिकाणी विखुरलेले आहेत, ते एकत्र करा, असं त्यात सुचवलं होतं. ते एकत्रीकरण काही झालं नाही. मला विचाराल तर गाडीत बंदूक कशी ठेवावी यापेक्षा मुळात ती कुणाच्या हाती द्यावी, हाच इथला कच्चा दुवा आहे, आणि शॉटगनच्या बाबतीत तो जास्तच कच्चा आहे. रायफल हवी तर 'मला ती का हवी' हे अर्जदाराने दाखवून द्यायचं आणि प्रत्येक रायफलीची नोंद आधी मंजूर करून घ्यायची. शॉटगनचा परवाना मात्र पोलिसांना नाकारायला कारण नसेल तर द्यायचा, आणि एका परवान्यावर किती घ्याव्यात याला मर्यादा नाही.

याचं सगळ्यात क्लेशकारक उदाहरण प्लिमथचं. १२ ऑगस्ट २०२१ ला कीहॅम भागात एका तरुणाने पंप-ॲक्शन शॉटगनने पाच जणांना मारलं, त्यात स्वतःची आई आणि एक तीन वर्षांची मुलगी होती. त्याची बंदूक आणि परवाना पोलिसांनी २०२० च्या अखेरीस मारहाणीच्या प्रकरणावरून काढून घेतले होते, आणि घटनेच्या काही आठवडे आधी परत दिले होते! २०२३ मध्ये चौकशीच्या ज्यूरीने पोलिसांच्या गंभीर चुकांवर बोट ठेवलं. नोव्हेंबर २०२१ पासून डॉक्टरकडून आलेली वैद्यकीय माहिती असल्याशिवाय परवाना देऊ नये असा नियम झाला. ५ फेब्रुवारी २०२५ पासून परवान्याची फी दुपटीहून जास्त वाढली, नवीन शॉटगन परवान्याला १९४ पौंड, तेही तपासणीचा खर्च भागावा म्हणून. आणि शॉटगनचे नियम रायफलीइतके कडक करावेत का यावर लोकांचं मत मागवू, असंही सरकारने त्याच वेळी जाहीर केलं. शेतकऱ्यांना ते आवडलेलं नाही. त्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे : कबुतरं हजारोंनी येतात, पीक आमचं जातं, आणि दोष मात्र पोलिसांच्या ढिसाळपणाचा. पण प्लिमथच्या त्या आजीआजोबांना काय सांगायचं?

इथवर वाचून कुणी म्हणेल, "हे सगळं ठीक, पण आपल्यात कोण बंदूक घेतंय?" थांबा जरा.

मंडळाच्या मागच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत सोन्याच्या चोऱ्यांचा विषय निघाला. आशियाई घरं हेरून दागिने लुटतात हे आपल्याला नवीन नाही. एक जण तावातावाने म्हणाले, "शॉटगनचा परवानाच काढतो आता." तर तसं होत नाही. स्वसंरक्षण हे बंदुकीचं योग्य कारण मानायचं नाही, हे धोरण गृहमंत्र्यांनी १९४६ मध्येच संसदेत सांगितलं होतं आणि ते आजही तसंच आहे. घरात चोर घुसला तर हाताला येईल त्याने प्रतिकार करता येतो, त्याला कायद्याचं चांगलं पाठबळ आहे. पण आधीपासून शस्त्र जमवून ठेवणं वेगळं. नॉरफोकच्या टोनी मार्टिन या शेतकऱ्याने १९९९ मध्ये विनापरवाना शॉटगनने चोरावर गोळी झाडली. आधी खुनाची आणि अपिलात सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. तो खटला कितीतरी वर्षं चघळला गेला.

दुसऱ्या एकाने सांगितलं की तो सीटखाली क्रिकेटची बॅट ठेवतो. खेळायला जात असाल तर बॅट ही बॅट. "कुणी अंगावर आलं तर" म्हणून ठेवली असेल तर १९५३ च्या कायद्याने तेच घातक शस्त्र. आणि पोलिसाने विचारलं की आपली मंडळी भाबडेपणाने नेमकं हेच उत्तर देतात!

पण सगळ्यात मोठी गोष्ट, आणि हे मुलीच्या आईवडिलांनी नीट वाचावं : पेपर स्प्रे. पुण्या-मुंबईत औषधाच्या दुकानात, ऑनलाइन, कुठेही मिळतो. मुलगी मास्टर्सला लीड्सला किंवा ग्लासगोला निघाली की आई प्रेमाने तिच्या पर्समध्ये टाकते. इथे तो १९६८ च्या त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाखाली येतो. म्हणजे मशीनगन ज्या यादीत, त्याच यादीत ही हातभर अंतरावर फवारणारी डबी! कायद्याच्या भाषेत ते 'फायरआर्म'च. पर्समध्ये, गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, घरातल्या ड्रॉवरमध्ये, कुठेही नुसता जवळ असणं हाच गुन्हा. तुम्हाला माहीत नव्हतं ही सबब नाही. सापडलाच तर गप्प फेकून देऊ नका किंवा मैत्रिणीला देऊ नका. आधी एखाद्या सॉलिसिटरला किंवा पोलिसांना १०१ वर फोन करून विचारा. मुलीला इतकंच हवं असेल तर मोठ्याने किंचाळणारा अलार्म कुठल्याही दुकानात मिळतो आणि तो कायदेशीर आहे.

आता मुलांकडे येतो. एका परिचितांच्या सतरा वर्षांच्या मुलाकडे मित्राने दिलेलं प्लॅस्टिकच्या गोळ्यांचं, हुबेहूब खऱ्यासारखं पिस्तूल होतं. मोटरवेवर तो मागच्या सीटवर बसून ते हाताळत होता. शेजारच्या लेनमधल्या कुणीतरी ९९९ केला. पुढच्या सर्व्हिसेसला सशस्त्र पोलिसांनी गाडी घेरली, वडिलांना हात वर करून बाहेर यायला लावलं. खेळणं आहे हे दहा मिनिटांत कळलं, ताकीद देऊन सोडलं, खेळणं जप्त. पण ती दहा मिनिटं! वडील अजून त्या सर्व्हिसेसला थांबत नाहीत. २००४ पासून १९ वं कलम नकली बंदुकीलाही लागू आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. ज्यांचे नागरिकत्वाचे अर्ज व्हायचे आहेत त्यांनी लक्षात ठेवावं की 'गुड कॅरॅक्टर'च्या तपासणीत पोलिसांच्या नोंदी बघितल्या जातात.

मुलाला खरंच नेमबाजीची आवड असेल तर मार्ग आहे, आणि तो छान आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून दोन-तीन पालकांनी मला विचारलंय. गृहखात्याची मान्यता असलेले क्लब आहेत. तिथे किमान तीन महिने उमेदवारी करावी लागते, पूर्ण सभासद झालं की स्वतःचा परवाना नसतानाही क्लबच्या रायफलने सराव करता येतो. सरीतलं बिस्ली हे त्याचं मोठं केंद्र. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी तिथेच झाली होती आणि आपल्या अंजली भागवतने तिथे चार सुवर्णपदकं जिंकली होती. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावं की तिथे २०१६ च्या शेवटच्या दिवसापासून साध्या एअरगनलाही परवाना लागतो. इंग्लंडात कमी ताकदीच्या एअरगनला लागत नाही, पण कार्लाइलहून सीमा ओलांडली की कायदा बदलतो.

राहता राहिलं दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल. हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकणं आणि बाहेरून आणणं २००७ पासून बंद आहे. लाल, नारिंगी, पिवळं, हिरवं, गुलाबी, जांभळं, निळं अशा भडक रंगाचं किंवा आरपार दिसणारं असेल तर चालतं. हातसामानात मात्र कुठल्याही रंगाचं नको, सुरक्षा तपासणीला अडकतं; आणि टिकल्यांची डबी विमानात मुळीच चालत नाही, ती फटाक्यांत मोडते.

आमच्या धाकट्याचं पिस्तूल पुण्याला आजीकडेच राहिलंय, कारण ते काळं कुळकुळीत आहे. परवा आजोबांनी फोनवर विचारलं, "मी त्याला नारिंगी ऑइलपेंट मारून पाठवू का?" मी म्हटलं, राहू द्या, तो येईल तेव्हा तिथेच वाजवेल.